इंजिनाच्या भागांचा धातू आणि जाडी कशावरून ठरते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा, क्रँकशाफ्ट पोलादी आणि व्हॉल्व्ह आणखी वेगळ्याच पोलादाचे, अशी सरमिसळ का केली जाते? सिलिंडरची भिंत पाच-सहा मिलिमीटरचीच का ठेवतात? सगळे भाग एकाच उत्तम पोलादाचे आणि थोडे अधिक जाड केले, तर इंजिन जास्त काळ टिकणार नाही का?

इंजिनांचे आरेखन आणि निकामी झालेल्या भागांची तपासणी ही दोन्ही कामे मी दीर्घकाळ केली आहेत, आणि या प्रश्नातील शेवटच्या वाक्यामागची समजूत मला वारंवार भेटते. जाड म्हणजे मजबूत, हे पुलाच्या खांबाला बऱ्याच अंशी लागू पडते. इंजिनाला मात्र फार थोड्या ठिकाणी. इंजिनाच्या जवळजवळ प्रत्येक भागावर तीन गोष्टींचा भार असतो: जळणाऱ्या वायूचा दाब, त्या भागाच्या स्वतःच्या वजनामुळे निर्माण होणारे जडत्वाचे बल आणि उष्णता. जाडी वाढवली की पहिल्या भाराला मदत होते, दुसरा भार वाढतो आणि तिसऱ्याचे काय होते हे उष्णता कोणत्या दिशेने वाहते यावर अवलंबून राहते. त्यामुळे प्रत्येक भागापुढे पहिला प्रश्न असा असतो, की या तिघांपैकी तिथे सर्वांत जास्त त्रास कोणाचा आहे.

सिलिंडरच्या भिंतीपासून सुरुवात करू, कारण तिचा हिशेब सर्वांत सोपा आहे. समजा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८० मिलिमीटर आहे, ज्वलनाचा कमाल दाब ७० बार, म्हणजे ७ मेगापास्कल आहे आणि भिंत ६ मिलिमीटर जाड आहे. दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट, या सूत्राने भिंतीतील परिघी ताण सुमारे ४७ मेगापास्कल येतो. ब्लॉकसाठी वापरले जाणारे २५० प्रतीचे करडे बीड २५० मेगापास्कलच्या आसपास तुटते. म्हणजे नुसत्या फुटण्याच्या दृष्टीने पाहिले, तर ही भिंत याच्या निम्म्या जाडीची असती तरी सिलिंडर फुटला नसता. तरीही ती पाच-सहा मिलिमीटरची ठेवतात, याची कारणे वेगळी आहेत. सिलिंडरवर झाकणासारख्या बसणाऱ्या हेडचे बोल्ट आवळल्यावर सिलिंडरचे वरचे टोक किंचित ओढले जाते आणि बोअरचा गोलाकार मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी बिघडतो. पिस्टनभोवतीची रिंग तेवढ्या बिघाडाचा पाठलाग काही मर्यादेपर्यंतच करू शकते. त्यापुढे तेल वर चढते आणि वायू खाली निसटतो. म्हणून येथे महत्त्व ताठपणाला आहे. करड्या बिडाचा प्रत्यास्थता गुणांक (ताठपणाचे माप) सुमारे ११० गिगापास्कल आणि अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे ७० गिगापास्कल असतो. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक नुसता बिडाच्या मापात ओतून चालत नाही, त्याला जास्त फासळ्या आणि वेगळी रचना द्यावी लागते.

दुसरे कारण ओतकामाचे आहे, आणि पुस्तकी हिशेब करणाऱ्यांच्या नजरेतून ते हमखास सुटते. पाण्याच्या वाटा तयार करण्यासाठी साच्यात वाळूचे गाभे बसवतात. वितळलेले बीड ओतताना हे गाभे थोडेसे सरकतात किंवा तरंगतात. गाभा एक मिलिमीटर सरकला, तर एका बाजूची भिंत सातची आणि दुसऱ्या बाजूची पाचची होते. आराखड्यावर लिहिलेल्या आकड्यात ही शक्यता धरलेली असते. भिंत यापेक्षा पातळ ठेवायची असेल, तर धातू बदलण्याआधी गाभे अचूक बसवण्याची पद्धत सुधारावी लागते. आज काही कारखाने बिडाच्या भिंती तीन-साडेतीन मिलिमीटरपर्यंत आणू शकतात, त्यामागे धातूइतकीच ही सुधारणाही आहे.

बिडाच्या बाबतीत जाडीचा आणखी एक परिणाम आहे, जो नवख्याला उलटा वाटतो. करड्या बिडाची ताकद ओतलेल्या भागाच्या थंड होण्याच्या वेगावर ठरते. भाग फार पातळ असेल, तर तो झटकन थंड होतो, कार्बनला ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि तेथे पांढरे, काचेसारखे कठीण बीड तयार होते, ज्यावर कापण्याची हत्यारे तुटतात. उलट, भाग फार जाड असेल, तर तो सावकाश थंड होतो, ग्राफाइटचे पापुद्रे मोठे होतात आणि ताकद घटते. ३० मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-सळीत २५० मेगापास्कल देणारे बीड ४० मिलिमीटरपेक्षा जाड भागात २०० च्या खाली जाते. म्हणजे जाडी दुप्पट केल्याने ताकद दुप्पट होत नाहीच, शिवाय प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे मिळणारी ताकदही कमी होते. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागातही हेच घडते: जाड जागा शेवटी गोठते, तिथे आकुंचनाची सूक्ष्म छिद्रे राहतात आणि पुढे तडा तिथूनच सुरू होतो. याच कारणाने चांगला आरेखक जाडीचा आकडा जितक्या काळजीने ठरवतो, तितक्याच काळजीने जाडीतील बदल सावकाश ठेवतो. पातळ भिंत एकदम जाड गोळ्याला मिळाली, की ओतीव भागात थंड होतानाच अंतर्गत ताण अडकून राहतात.

मग बीड अजून का टिकून आहे? ते स्वस्त आहे, गुंतागुंतीच्या आकारात छान ओतले जाते, त्यातील ग्राफाइट कंपने शोषून घेते आणि घासणाऱ्या पृष्ठभागावर थोडे वंगणाचे काम करते. होनिंगनंतर, म्हणजे बोअर बारीक दगडाने घासल्यावर, त्याच्या पृष्ठभागावर उरणाऱ्या सूक्ष्म खाचा तेल धरून ठेवतात. रिंगसाठी यापेक्षा सोयीचा पृष्ठभाग सहज मिळत नाही, म्हणूनच बहुतेक अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकमध्येही दोन-तीन मिलिमीटरचे बिडाचे लायनर, म्हणजे आतली नळकांडी, बसवलेले असतात. लायनर टाळण्याचा धाडसी प्रयत्न जनरल मोटर्सने १९७० मध्ये शेव्हरोलेट व्हेगा या मोटारीत केला. तिच्या ब्लॉकच्या मिश्रधातूत सुमारे १७ टक्के सिलिकॉन होते आणि पिस्टन थेट त्याच पृष्ठभागावर चालत असत. इंजिन तापण्याच्या आणि बोअर खराब होण्याच्या तक्रारींमुळे ते बदनाम झाले. तरीही त्याच कुळातील मिश्रधातू पुढे पोर्शे ९२८ मध्ये नीट चालला. धातू, थंडाव्याची व्यवस्था, पिस्टनवरील लेप आणि ब्लॉकचा ताठपणा यांचा निकाल एकत्रच लागतो. त्यातील एक सुटा काढून त्याला दोष किंवा श्रेय देणे मला पटत नाही.

आता पिस्टन. प्रश्नकर्त्याला पोलादाचे आकर्षण आहे, म्हणून आधी जडत्वाचा आकडा देतो. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल, ८० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला ६००० फेरे असेल, तर वरच्या टोकाशी पिस्टनचे त्वरण सुमारे २०,००० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दोन हजार पट असते. त्या क्षणी पिस्टनच्या प्रत्येक १०० ग्रॅममागे सुमारे २००० न्यूटन, म्हणजे दोनशे किलो वजनाइतका ओढ निर्माण होतो. ज्वलनाच्या वेळी वायूचा दाब हा ओढ काही प्रमाणात फेडतो. पण धूर बाहेर टाकणाऱ्या स्ट्रोकच्या शेवटी वर दाब नसतो आणि सगळा ओढ पिस्टनची पिन, तिला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आणि रॉडचे बोल्ट यांना सोसावा लागतो. पिस्टन १०० ग्रॅमने जड झाला, की रॉड जाड, बोल्ट जाड, बेअरिंग रुंद, क्रँकशाफ्टची प्रतिवजने मोठी, अशी साखळी सुरू होते. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ आणि पोलादाची ७.८ आहे, हा फरक या ठिकाणी सर्वांत महाग पडतो.

दुसरे कारण उष्णतेचे. पिस्टनच्या मिश्रधातूची उष्णतावाहकता सुमारे १४० ते १५० वॅट प्रति मीटर केल्विन, तर बीड आणि पोलाद यांची ४० ते ५० असते. पिस्टनच्या माथ्यावर पडलेली उष्णता माथ्यातून कडेकडे जाते, तिथून रिंगमधून सिलिंडरच्या भिंतीत आणि शेवटी पाण्यात उतरते. येथे उष्णता धातूच्या जाडीतून आरपार न जाता पत्र्याच्या लांबीच्या दिशेने प्रवास करते, म्हणून माथा जाड असणे फायद्याचे ठरते. ८० मिलिमीटर बोअरच्या पेट्रोल पिस्टनचा माथा साधारण पाच ते आठ मिलिमीटर जाड असतो, आणि तो दाबापुरता लागतो त्याहून जाड ठेवण्यामागे हेच कारण आहे. माथ्याचे तापमान पेट्रोल इंजिनात २५० ते ३०० अंश सेल्सिअस असते. त्याहून फार वर गेले, की अ‍ॅल्युमिनियमची ताकद झपाट्याने घसरते. ३०० अंशाला ती थंड स्थितीच्या निम्म्याहूनही कमी उरते.

इतिहासही हेच सांगतो. ब्रिटिश अभियंते डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१३ च्या सुमारास डीएफपी या फ्रेंच मोटारींमध्ये ८८ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि १२ टक्के तांबे यांचे पिस्टन वापरून बिडाच्या पिस्टनपेक्षा जास्त वेग आणि शक्ती मिळवली, आणि पहिल्या महायुद्धात हीच कल्पना विमानांच्या इंजिनांत पोहोचली. पण शुद्ध अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुप्पट प्रसरण पावते. आजच्या पिस्टनमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास, कधी १८ टक्क्यांपर्यंत सिलिकॉन घालतात, ते प्रसरण कमी करण्यासाठी आणि झीज रोखण्यासाठी. तरीही माथ्याजवळ २३० अंशांची वाढ झाली, तर ८० मिलिमीटरच्या व्यासात सुमारे ०.३७ मिलिमीटर भर पडते. म्हणून पिस्टन वरच्या बाजूला मुद्दाम बारीक, मध्ये किंचित फुगीर आणि आडव्या छेदात थोडा लंबवर्तुळाकार घडवतात. थंड पिस्टन मोजून तो वाकडा आहे असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो गरम झाल्यावर योग्य आकाराला येण्यासाठीच तसा केलेला असतो.

पोलादी पिस्टन अस्तित्वात आहेत, आणि जड वाहनांच्या डिझेल इंजिनांत ते आता सर्रास दिसतात. २०० बारच्या पुढचा दाब अ‍ॅल्युमिनियमला गरम स्थितीत पेलवत नाही. पोलाद मजबूत असल्याने भिंती बऱ्याच पातळ करता येतात, पिनपासून माथ्यापर्यंतची उंची घटवता येते, त्यामुळे वजनातील तोटा बराच भरून निघतो. उष्णता नीट न वाहण्याचा दोष मात्र राहतोच, म्हणून माथ्याखाली पोकळ वाट ठेवून तिच्यात तेलाचा झोत सोडावा लागतो. मर्सिडीज-बेंझने २०१४ मध्ये प्रवासी मोटारीच्या डिझेल इंजिनातही असे पिस्टन आणले. डिझेलचे फेरे कमी आणि दाब जास्त, त्यामुळे तिथे हा सौदा परवडतो. जास्त फेऱ्यांच्या पेट्रोल इंजिनात बहुधा परवडत नाही.

डिझेलच्या अ‍ॅल्युमिनियम पिस्टनमधली एक गोष्ट मला फार आवडते, म्हणून ती सांगतो. पहिल्या रिंगची खाच अ‍ॅल्युमिनियममध्ये लवकर झिजते, म्हणून तिथे बिडाचे कडे ओतवतात. साधे बीड वापरले, तर त्याचे प्रसरण अ‍ॅल्युमिनियमच्या निम्मे असल्याने कडे सुटते. म्हणून जास्त निकेल असलेले, अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास प्रसरण पावणारे विशेष बीड निवडतात. येथे धातू ताकदीवर निवडलेला नाही, शेजाऱ्याबरोबर तो सारखाच वाढावा यासाठी निवडलेला आहे.

हेडमध्ये उष्णतेची दिशा बदलते आणि जाडीचा अर्थही बदलतो. ज्वलनकक्षाच्या बाजूने आत आलेली उष्णता हेडच्या तळपट्टीच्या जाडीतून आरपार जाऊन पाण्याला भेटते. अशा वेळी जाडी दुप्पट केली, की दोन पृष्ठभागांतील तापमानाचा फरकही दुप्पट होतो. दोन व्हॉल्व्हमधल्या अरुंद पुलासारख्या जागेवर प्रति चौरस मीटर दहा लाख वॅट उष्णता पडते असे धरा आणि तळपट्टी १० मिलिमीटर जाड घ्या. अ‍ॅल्युमिनियममध्ये हा फरक सुमारे ६७ अंश येतो, बिडात दोनशे अंशांच्या वर. गरम बाजू प्रसरण पावू पाहते, थंड बाजू तिला अडवते आणि त्यातून जो ताण उद्भवतो तो अ‍ॅल्युमिनियममध्ये ७५, तर बिडात १७० मेगापास्कलच्या आसपास भरतो. जाड काचेचा पेला उकळते पाणी ओतल्यावर तडकतो आणि पातळ काचेचे भांडे टिकते, त्याचे कारण हेच. इंजिन सुरू-बंद होण्याच्या प्रत्येक फेरीत हा ताण येतो आणि जातो, आणि व्हॉल्व्हमधल्या पुलावर दिसणारा तडा बहुतेक वेळा या औष्णिक थकव्याचा असतो. तिथे धातू वाढवून तडा थांबवण्याचा प्रयत्न केला, तर तो आणखी लवकर येतो. योग्य उपाय म्हणजे पाण्याची वाट पुलाच्या जवळ आणणे आणि तळपट्टी दाब सोसेल इतपतच जाड ठेवणे.

व्हॉल्व्हमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट यांचे पोलाद वेगळे असते, कारण त्यांचे हवामानच वेगळे आहे. इनलेट व्हॉल्व्हला ताज्या हवेचा थंडावा मिळतो, त्यामुळे क्रोमियम-सिलिकॉनचे, उष्णतोपचाराने कठीण करता येणारे पोलाद पुरते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके ७०० ते ८०० अंशांपर्यंत तापते; तिथे साधे पोलाद मऊ पडते. म्हणून सुमारे २१ टक्के क्रोमियम, ९ टक्के मँगनीज, ४ टक्के निकेल आणि थोडा नायट्रोजन असलेले पोलाद वापरतात. ते गरम असताना ताकद राखते; पण ते उष्णता नीट वाहू देत नाही, जास्त प्रसरण पावते आणि पाणी देऊन कठीण होत नाही, म्हणून त्याच्या दांड्याला बहुधा दुसऱ्या पोलादाचा तुकडा घर्षणाने जोडतात. व्हॉल्व्हच्या डोक्यातील बहुतांश उष्णता सीटमधून, म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेतून, बाहेर पडते. सीटची रुंदी फार कमी केली, तर ही वाट अरुंद होते. फार वाढवली, तर दाब विभागला जाऊन कार्बन अडकतो आणि गळती सुरू होते. अभियंता सॅम हेरन यांनी १९२० च्या दशकात विकसित केलेल्या पोकळ व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरलेले असते. ते ९८ अंशांना वितळते आणि व्हॉल्व्हच्या हालचालीबरोबर हेलकावत डोक्यातली उष्णता दांड्याकडे नेते. म्हणजे आतला धातू काढून टाकल्याने हा व्हॉल्व्ह जास्त टिकतो.

क्रँकशाफ्टमध्ये मात्र जाडी खरोखर कामाची आहे. साधे कार्बन पोलाद असो वा क्रोम-मॉलिब्डेनमचे महाग पोलाद, ताठपणा दोन्हींचा जवळजवळ सारखाच, सुमारे २०५ ते २१० गिगापास्कल असतो. त्यामुळे पीळ कमी करायचा असेल, तर महाग धातूचा उपयोग होत नाही. व्यास वाढवावा लागतो. पिळाचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून ५० मिलिमीटरचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा शाफ्टचा गोल भाग) ५५ मिलिमीटरचा केला की तो सुमारे ४६ टक्क्यांनी ताठ होतो. त्याची किंमत घर्षणात मोजावी लागते. महाग पोलाद कामी येते ते थकव्याविरुद्ध, आणि तेही जर्नल आणि वेब (जर्नलांना जोडणारा आडवा भाग) जिथे मिळतात त्या गोलाईवर. तिथली त्रिज्या आणि पृष्ठभागाची प्रक्रिया ही शाफ्टच्या एकूण जाडीपेक्षा आयुष्यावर जास्त परिणाम करते.

बेअरिंगचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्याच्या पोलादी पाठीवर मऊ धातूचा थर असतो आणि त्यावर बऱ्याचदा मिलिमीटरच्या पंधरा ते वीस हजारांश भागाइतका आणखी मऊ लेप. मऊ धातूची स्वतःची ताकद फारच कमी असते. थर जाड असेल, तर तो दाबाखाली बाजूला सरकत राहतो आणि थकून तडकतो. थर पातळ असेल, तर खालचे पोलाद त्याला धरून ठेवते आणि तोच धातू कितीतरी जास्त भार सोसतो. जुन्या व्हाइट मेटलच्या (कथिल किंवा शिशाच्या मऊ मिश्रधातूच्या) जाड बेअरिंगची जागा पातळ कवचासारख्या शेलने घेतली, ती याच कारणाने. थर अतिशय पातळ केला, तर तेलातला कण त्यात बुडून बसू शकत नाही. ही दुसरी मर्यादा.

हेडच्या बोल्टबद्दलही हाच गैरसमज असतो. लांब आणि सडपातळ बोल्ट आवळल्यावर जास्त ताणला जातो, म्हणजे तो मऊ स्प्रिंगसारखा वागतो. ज्वलनाचा दाब हेड वर ढकलतो तेव्हा बदलणाऱ्या भाराचा थोडासाच वाटा अशा बोल्टकडे येतो. बाकीचा वाटा हेड आणि ब्लॉक यांच्यातील दाबात सामावतो. अ‍ॅल्युमिनियमचे हेड तापून बोल्टपेक्षा जास्त वाढते, तेव्हाही लवचीक बोल्ट हा फरक सहज झेलतो. त्याच जागी आखूड आणि जाड बोल्ट घातला, तर थकव्याचा भार वाढतो, शिवाय गॅस्केट दबून थोडी जरी बसली तरी आवळ लवकर ढिली होते.

तेलाचा संप, टॅपेट कव्हर आणि काचतंतू घातलेल्या नायलॉनचा इनटेक मॅनिफोल्ड यांवर भार जुजबी असतो; त्यांची जाडी आवाज, कंपन आणि बनवण्याची सोय पाहून ठरते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा पत्रा अलीकडे पातळ, दीड-दोन मिलिमीटरचा ठेवतात, कारण जाड बीड स्वतःच उष्णता पिऊन टाकते आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापायला उशीर होतो.

या सगळ्याचा प्रत्यक्ष उपयोग दुरुस्तीत होतो. बोअर ०.२५, ०.५० किंवा १ मिलिमीटरने वाढवण्याची कमाल मर्यादा, हेड किती घासायचे याची मर्यादा, क्रँकशाफ्टच्या अंडरसाइझची (जर्नल घासून व्यास कमी करण्याची) शेवटची पायरी, हे आकडे वर सांगितलेल्या जाडीतूनच येतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेची जाडी घासून घासून मिलिमीटरच्या खाली गेली, की ती धार लालबुंद होते आणि जळते; असा व्हॉल्व्ह पुन्हा बसवू नये. नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन शिरवून तो कठीण करणे) केलेल्या क्रँकशाफ्टचा कठीण थर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो, म्हणून तो घासल्यावर कठीण थर उरला आहे का हे तपासावे आणि गरज असल्यास प्रक्रिया पुन्हा करून घ्यावी. बाजारात मिळणारा जाड माथ्याचा, जड पिस्टन मूळ रॉड आणि मूळ बोल्टसह घालू नये. वजन जुळत नसेल, तर तो कितीही मजबूत दिसला तरी नाकारावा.